आयसा पाठ करा, पण आजचं तापमानही बघा

वैमानिक होण्यासाठी डीजीसीएच्या (नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या) मेट, म्हणजे हवामानशास्त्राच्या, पेपरला बसणारी मुलं माझ्याकडे येतात तेव्हा आयसाचे, म्हणजे आंतरराष्ट्रीय प्रमाण वातावरणाचे, आकडे त्यांना तोंडपाठ असतात. समुद्रसपाटीला 15 अंश, 1013.25 हेक्टोपास्कल, दर हजार फुटांना 1.98 अंशांची घट, 36,089 फुटांवर ट्रोपोपॉज, म्हणजे उंचीबरोबर तापमान उतरणं जिथे थांबतं ती सीमा, आणि तिथे उणे 56.5. परीक्षेत हेच लिहायचंय, त्यामुळे पाठ हवंच. पण आयसा ही मोजपट्टी आहे. आपल्याकडची हवा त्या पट्टीवर क्वचितच बसते, आणि विमान उडतं ते आपल्याकडच्या हवेत. म्हणून मी पहिल्या दिवसापासून मुलांना एकच विचारते: आज फरक किती?

पुण्यातली मे महिन्यातली दुपार घ्या. लोहगाव विमानतळाची उंची 1,942 फूट. क्यूएनएच, म्हणजे समुद्रसपाटीच्या हिशेबात काढलेला दाब, 1006 हेक्टोपास्कल, तापमान 39 अंश. दाब प्रमाणापेक्षा सात हेक्टोपास्कलने कमी, एका हेक्टोपास्कलला साधारण 30 फूट धरले तर प्रेशर अल्टिट्यूड, म्हणजे आयसात हा दाब ज्या उंचीवर असतो ती उंची, झाली सुमारे 2,150 फूट. या उंचीवर आयसाप्रमाणे तापमान हवं 10.7 अंश, आहे 39. म्हणजे 28 अंशांहून थोडा जास्त फरक. प्रत्येक अंशाला 120 फूट या हिशेबाने आणखी 3,400 फूट. बेरीज 5,550 फूट. हीच डेन्सिटी अल्टिट्यूड: आयसात इतकी विरळ हवा ज्या उंचीवर असते ती उंची. कळसूबाईचा माथा 5,400 फुटांवर आहे. म्हणजे पुण्याच्या धावपट्टीवर उभ्या असलेल्या विमानाला त्या दुपारी मिळणारी हवा आयसाच्या हिशेबात कळसूबाईपेक्षाही वरची, विरळ.

आता कॉकपिटमध्ये बसून बघा. अल्टिमीटरवर 1006 लावलं की तो 1,942 दाखवतो. बरोबरच दाखवतो, कारण त्याला फक्त दाब कळतो. एअरस्पीड इंडिकेटरवर 55 नॉटला विमान जमीन सोडतं, थंडीत सोडायचं तसंच. पण हवेची घनता प्रमाणापेक्षा 15 टक्क्यांनी कमी आहे, त्यामुळे तेच 55 गाठताना चाकं जमिनीवर जवळजवळ 60 नॉटने धावत असतात. त्यात इंजिनाला हवा कमी, प्रोपेलरची पकड कमी, म्हणजे तो वाढीव वेग यायलाही वेळ जास्त. धावपट्टी दोन्हीकडून खाल्ली जाते. वर गेल्यावर चढण्याचा दर पडलेला असतो तो वेगळाच. यातलं काहीही एका काट्यावर नजर टाकून कळत नाही. तापमान वाचून गणितच करावं लागतं.

विदर्भात उडणाऱ्यांसाठी एक गोष्ट मुद्दाम सांगते. सेस्ना 172 या छोट्या विमानाच्या पुस्तकातला टेकऑफचा तक्ता उघडा. तापमानाचे रकाने 0, 10, 20, 30, 40. तक्ता तिथेच संपतो. नागपूरला मे महिन्यात 44 अंश ही काही बातमी नसते. त्या दिवशी 1,033 फुटांवरच्या नागपूरची डेन्सिटी अल्टिट्यूड पाच हजारांच्या पुढे जाते, आणि तुमच्या विमानाला किती धावपट्टी लागेल हे बनवणाऱ्याने लिहूनच ठेवलेलं नाही. चाळिसाच्या रकान्यावरून पुढचा आकडा स्वतःच्या मनाने काढू नका. उन्हाळ्यात पहाटे उडायचं आणि ऊन चढायच्या आत उतरायचं, हेच योग्य.

पावसाळ्यात तापमान उतरतं तरी हवा दमट असते, आणि दमट हवा कोरड्या हवेपेक्षा हलकी. पाण्याच्या वाफेचा रेणुभार 18, कोरड्या हवेचा सरासरी 29. वरच्या 120 फुटांच्या सूत्रात हे धरलेलं नाही, म्हणून थोडं हातचं राखावं.

हे झालं खालचं. वरचा फरक मला जास्त आवडतो, कारण तो मी रोज बघत होते. शिकवायला लागण्याआधी मी नागपूरला हवामानाच्या फुग्यांवर काम केलं. पहाटे साडेपाचच्या निरीक्षणासाठी हायड्रोजन भरलेला, माणसापेक्षा उंच फुगा हातातून सुटतो आणि मिनिटाला सुमारे 300 मीटरने चढत जातो. खाली त्याला टांगलेला रेडिओसोंड, म्हणजे मोजमापं रेडिओने कळवणारा छोटा यंत्रसंच, तापमान पाठवत राहतो. 11 किलोमीटर येतात, पुस्तकातला ट्रोपोपॉज येतो, आणि काहीच घडत नाही. तापमान उतरतच राहतं. उणे 60, उणे 70. सोळा-सतरा किलोमीटरवर, उणे 75 ते 80 च्या आसपास, ती रेघ थांबते आणि उलटी वळते. तिथे आपलं तपांबर, म्हणजे ट्रोपोपॉजखालचा थर, संपतं.

याला कारण आहे. आपल्याकडे जमीन आणि समुद्र खूप तापतात, हवा जोरात आणि उंच चढते, आणि जितकी जास्त चढते तितकी जास्त गार होते. म्हणून ध्रुवांवर आठ-नऊ किलोमीटरवर असलेला ट्रोपोपॉज इथे जवळजवळ दुप्पट उंच आणि त्याहून कितीतरी थंड. फ्रान्सच्या तेसराँ द बोर यांनी पॅरिसजवळून फुगे सोडून, उन्हाने थर्मामीटर तापल्याची शंका नको म्हणून कित्येक रात्री सोडून, 1902 मध्ये ट्रोपोपॉजच्या वरचा हा थर जाहीर केला. तिथे ट्रोपोपॉज अकरा किलोमीटरच्या आसपास होता. आयसाचे आकडे अशाच मध्य अक्षांशांच्या हवेशी जुळणारे आहेत.

विमान कंपनीत जाल तेव्हा याचा अर्थ असा. जुलैत मुंबई-नागपूर मार्गावर 36,000 फुटांवर बाहेरचं तापमान आयसापेक्षा 10 ते 15 अंशांनी जास्त असणं नेहमीचंच. हवा विरळ, इंजिनांचा जोर कमी, म्हणून वजनदार विमानाला वरची लेव्हल लवकर परवडत नाही. आणि ट्रोपोपॉज उंच असल्याने क्युम्युलोनिंबस या गडगडाटी ढगाला वाढायला तिथवर मोकळं रान. त्याचे माथे 50,000 फुटांच्या वर जातात, प्रवासी विमानं साधारण 41,000 च्या आत उडतात. ढगावरून जाण्याचा विचारच करायचा नाही. रडारवर तो लांबूनच ओळखायचा आणि कंट्रोलकडे वळसा वेळेत मागायचा.

येत्या वर्गाला येताना प्रत्येकाने त्या दिवशीच्या आपल्या गावाजवळच्या विमानतळाचं मेटार (हवामानाचा ताजा अहवाल) आणि त्यावरून काढलेली डेन्सिटी अल्टिट्यूड वहीत लिहून आणावी. मी प्रत्येकाची वही बघणार आहे.