खानापूरचा पर्जन्यमापक: मेल अडकली होती घड्याळात

मट या टर्मिनलवरच्या मेल प्रोग्राममधून खानापूरची पहिली मेल आज सुटली! मृग तोंडावर आलाय, आणि दिवाळीपासून बंद असलेला रास्पबेरी पाय (मापकाला जोडलेला छोटा संगणक) आता रोजचा पाऊस कळवायला तयार आहे.

मेल सर्व्हरकडे पोचवणारा एमएसएमटीपी हा प्रोग्राम प्रत्येक वेळी एरर देऊन बाहेर पडत होता. पहिला संशय जीमेलच्या अॅप पासवर्डवर (अशा प्रोग्रामसाठी बनवायचा वेगळा पासवर्ड). २०२२ च्या मेअखेरीला जीमेलने साधा पासवर्ड चालवणं बंद केल्यापासून आपला सगळ्यांचाच तिथे जातो. नवा सोळा अक्षरी बनवला, तीच गत. ५८७ पोर्ट सोडून ४६५ वर गेलो, स्टार्टटीएलएस (साधी सुरू झालेली जोडणी मग सुरक्षित करणारी सोय) ऑफ केलं (४६५ वर ते ऑफच लागतं, नाहीतर सर्व्हर हँडशेकची वाट बघतो, आपण त्याच्या २२० या स्वागताच्या ओळीची, आणि दोघेही गप्प). तरी नाही. वैताग असा की तीच कॉन्फिग लॅपटॉपवर, त्याच वायफायवर, पहिल्या फटक्यात चालत होती.

शेवटी डिबग लावून ओळ न् ओळ वाचली. लॉगिनपर्यंत गाडी पोचतच नव्हती. त्याआधीच टीएलएसने (जोडणी सुरक्षित करणारा भाग) सर्व्हरचं सर्टिफिकेट नाकारलेलं, कारण काय, तर त्याची मुदत अजून सुरू व्हायचीय! तारीख बघायला 'डेट' कमांड मारली. पाय नोव्हेंबरातच बसलेला. पाय फोरला स्वतःचं घड्याळ नाही. शेवटची टिपलेली वेळ धरून तो उठतो आणि एनटीपीकडून, म्हणजे नेटवरच्या वेळेच्या सर्व्हरकडून, दुरुस्त करून घेतो. इथल्या नव्या राउटरवर एनटीपीचा पोर्ट, यूडीपी १२३, अडवलेला, मग दुरुस्ती कुठून होणार? तारीख हाताने घातली आणि मेल गेली. मागून मामा म्हणाले, "गेली काय रे एकदाची?"

आता डीएस३२३१ मागवतोय, म्हणजे पायला जोडायचं सेलवर चालणारं घड्याळ. डीएस१३०७ स्वस्त, पण तापमान बदललं की भरकटतं, घेऊ नका. डीएस३२३१ च्या निळ्या झेडएस-०४२ बोर्डावर सीआर२०३२ सेल घालणार असाल तर चार्जिंगचा रेझिस्टर आधी काढा. तो सेल चार्ज करायचा नसतो.

तोवर एचटीपीडेट या प्रोग्रामवर भागवायचं ठरवलं होतं. ते वेबसर्व्हरच्या हेडरमधून वेळ घेतं, १२३ लागतच नाही. पण लिहिता लिहिता जाणवलं, कणकुंबीकडून पाऊस लागला की करंट आणि नेट दोन्ही जातात, म्हणजे पाय पुन्हा जुन्याच वेळेवर उठणार. मेल उशिरा आली तरी चालेल, मापकातली बकेट पावसाने भरून कधी कलली ती वेळ चुकली तर त्या दिवसाचा आलेखच बाद. म्हणजे घड्याळ बसल्याशिवाय मापक छपरावर चढवायचा नाही. आणि एमएसएमटीपी न गेलेली मेल साठवत नाही, म्हणून न गेलेली मेल धरून ठेवणारी एमएसएमटीपीक्यूची रांगही याच आठवड्यात लावतो.