स्पेक्ट्रम इश्यू ३ : टीआर४ का जळत होता, ते सापडलं

सिंक्लेअरच्या जुन्या घरगुती संगणकाचा, स्पेक्ट्रमचा, इश्यू ३ बोर्ड अखेर चालू झाला. लाल उभ्या रेघा आल्या, पडदा काळा झाला, मग पांढरा, आणि तळाशी १९८२ ची सिंक्लेअरची ओळ! नवा टीआर४ (१२ आणि उणे ५ व्होल्ट बनवणाऱ्या कन्व्हर्टरचा ट्रान्झिस्टर) टाकला की लगेच उडतो, इथे मागची नोंद अडली होती.

दोष टीआर४ चा नव्हताच. रॅमच्या खालच्या १६ केच्या आठ ४११६ मेमरी चिपांपैकी आयसी९ क्रमांकाची आतून शॉर्ट होती, पिन ८ (१२ व्होल्ट) आणि १६ (ग्राउंड) मध्ये जेमतेम ४ ओहम. १२ व्होल्टची लाइन अशी ग्राउंडला बसली की कन्व्हर्टरचा सगळा ताण टीआर४ वर येतो. त्या जागचा झेडटीएक्स६५० ट्रान्झिस्टर कितीही अस्सल आणा, जळणारच.

पंचाईत अशी की आठही चिप समांतर जोडलेल्या. मल्टिमीटर कुठेही टेकवा, तेच ४ ओहम. एकेक चिप उपटत बसलं तर या जुन्या बोर्डाचे पॅड उखडतात. म्हणून टीआर४ काढून, ॲडॅप्टर न लावता, १२ च्या लाइनवर बेंच सप्लायने फक्त १ व्होल्ट दिला, करंटची मर्यादा ३०० मिलिअँपिअर. चिपांवर आयसोप्रोपिल अल्कोहोलचा पातळ हात फिरवला. शॉर्ट चिप तापते, म्हणून आयसी९ वरचं सगळ्यात आधी उडालं. तिचे पाय वरून कापले, मग एकेक पाय तापवून ओढला, भोकं सोल्डर शोषणाऱ्या वातीने साफ केली आणि सॉकेट बसवलं. स्वस्त सोल्डर पंपापेक्षा ही पद्धत शंभर पटीने बरी. चिप मेलेलीच आहे, जपायचे आहेत ते पॅड.

सॉकेट रिकामं ठेवून नवा टीआर४ टाकला. शेजारच्या चिपवर मोजलं : पिन १ ला उणे ४.९, पिन ८ ला ११.८, पिन ९ ला ५.०. ही तिन्ही मापं जुळल्याशिवाय चिप लावू नका. उणे ५ हा सबस्ट्रेटचा, म्हणजे चिपच्या सिलिकॉन पायाचा, बायस (स्थिर व्होल्टेज) आहे. तो गायब असताना १२ चालू राहिले तर धडधाकट ४११६ सुद्धा मरते. आणि स्पेक्ट्रमच्या ॲडॅप्टरला मधली पिन उणे असते, हे नव्यांनी भिंतीवर लिहून ठेवावं.

बदली म्हणून बाजारातून आणलेल्या दोन ४११६ वर अक्षरं नवीकोरी आणि पृष्ठभाग घासलेला. दोन्ही चिप अडखळल्या. पुन्हा छापलेल्या मालावर पैसे घालवण्यापेक्षा पुढच्या पिढीची ४१६४ घेतलेली बरी. तिला फक्त ५ व्होल्ट पुरतात.

जोडणी अशी. पिन १ आणि ८ बाहेर वाकवायच्या, सॉकेटमध्ये जाऊ द्यायच्या नाहीत. ८ आणि ९ चिपच्या एकाच टोकाला समोरासमोर असतात. त्या बारीक तारेने जोडायच्या. सॉकेटच्या ९ वर ५ व्होल्ट आहेतच, ते ८ ला मिळतात. ४१६४ मध्ये ९ म्हणजे ए७, पत्त्याची (ॲड्रेसची) एक लाइन. ती कायम वर राहिल्याने चिपचा चतुर्थांशच वापरात येतो, नेमके १६ के. रिफ्रेशही (साठवलेलं पुसू नये म्हणून सतत होणारी उजळणी) त्याच रांगांचा होतो, म्हणून अडत नाही. ८ आणि १६ मध्ये ०.१ मायक्रोफॅरडचा सिरॅमिक कपॅसिटर चिपच्या पाठीवरच लावा. पिन ८ वाकवायची राहिली तर १२ व्होल्ट थेट आत, चिप गेली.

चालू झाल्यावर रॅमचा शेवटचा पत्ता पाहायला बेसिकमध्ये प्रिंट पीक २३७३२+२५६*पीक २३७३३ दिलं. उत्तर ६५५३५! म्हणजे वरचे ३२ केही शाबूत. ३२७६७ आलं असतं तर तिकडे वळावं लागलं असतं. त्या वरच्या आठ चिप म्हणजे अर्धा भाग सदोष निघालेल्या ६४ केच्या चिप, चांगला अर्धा वापरून स्वस्तात बसवलेल्या. एकाच बोर्डावर शेजारी शेजारी दोन पिढ्या, खालच्यांना तीन व्होल्टेज आणि वरच्यांना एकच. हे पाहूनच ४१६४ सुचली.

उरलेल्या सात ४११६ काढून सगळीकडे ४१६४ घालायचा बेत होता, म्हणजे उणे ५ ची कटकटच संपेल. पण रंगाच्या एलएम१८८९ चिपला १२ व्होल्ट लागतातच, कन्व्हर्टर काही सुटत नाही. शिवाय चालत्या चिप उपटायला हात धजत नाही. तेव्हा सात तशाच राहतील. वाकवलेल्या पिनांच्या दोन ४१६४ तयार करून डब्यात ठेवायच्या. आता ७८०५ या ५ व्होल्टच्या रेग्युलेटरच्या जागी स्विचिंग मॉड्यूल. ७८०५ चा हीटसिंक आत्ताच हात लावू देत नाही, आणि त्याची ऊब थेट रॅमपर्यंत जाते.