हाय बॉनेटचा सूर: मागचं डिफ सुटलं, आता संशय पुढच्यावर

२७१ हर्ट्झ. गेल्या पावसाळ्यापासून माझ्या जीपच्या ज्या घोंगावण्याने डोकं उठवलं होतं त्याला शेवटी आकडा मिळाला, आणि आकड्यावरून पत्ताही. मागचं डिफ (डिफरन्शियल, दोन चाकांमधली गिअरची पेटी). ट्रान्सफर (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारा गिअरचा डबा) नाही, गिअरबॉक्स नाही, टायर तर नाहीच. डिफ उघडून, बेअरिंगं बदलून परत बसवलंय. तरी 'सुटलो एकदाचा' असं म्हणायची सोय नाही, ते का ते पुढे येतंच.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी: गाडी सीजे-३बी, हाय बॉनेट, हरिकेन पेट्रोल, टी-९० गिअरबॉक्स, स्पायसर १८ ट्रान्सफर, ६.००-१६ टायर. टॉप गिअरमध्ये ताशी चाळीस किलोमीटर ओलांडले की 'हूंऽऽ' सुरू, पन्नासला ऐन भरात, ॲक्सिलरेटर सोडला की गप्प. प्रोपेलरचे (ट्रान्सफरपासून डिफपर्यंतच्या फिरत्या दांड्याचे) क्रॉस, म्हणजे सांधे, नवे टाकलेत, ते धरणारे दोन्ही योक एका रेषेत आहेत. तरी आवाज जागचा हललेला नव्हता.

ज्याला ज्याला जीप ऐकवली त्याचं निदान एकच. आमच्या मिस्त्रींच्या शब्दांत, "स्पायसर अठरा हाय, गाणारच की वो." यात तथ्य आहे. या ट्रान्सफरमध्ये हाय रेंजमध्येसुद्धा सरळ ड्राइव्ह नसतो. मेनशाफ्टचा गिअर इंटरमिजिएटला (मधल्या गिअरला) फिरवतो आणि इंटरमिजिएट आउटपुटला, म्हणजे गाडी चालू आहे तोवर तिथले दात भाराखालीच. त्यात इंटरमिजिएटचा शाफ्ट नीडल रोलरनी खाल्लेला असला की संगीत सुरू. म्हणून मी शाफ्ट, रोलर आणि थ्रस्ट वॉशरचा किट मागवला. सव्वा इंची सांगितला होता, आला एक अष्टमांश कमी. फोन केला तर विक्रेता म्हणतो, "जीपला हाच लागतो, साहेब." गेली कित्येक दशकं जीपला तीन वेगवेगळ्या जाडीचे शाफ्ट लागत आलेत हे दुकान थाटण्याआधी बघायला हवं ना! किट परत पाठवला, आणि दुसरा येईपर्यंत हात रिकामे असल्यामुळे खरं तर हे गणित सुचलं.

फोनवर आवाजाचा आलेख दाखवणारी फुकट ॲप्स मिळतात. मी टायरला खडूने खूण करून, गाडीत माणूस बसवून, एका फेरीत किती अंतर जातं ते टेपने मोजलं. २.२ मीटर. स्पीडोमीटरवर माझा काडीचा विश्वास नाही, म्हणून वेग जीपीएसचा. ५० च्या वेगाला सेकंदाला १३.९ मीटर, म्हणजे चाकाच्या ६.३ फेऱ्या. क्राउन-पिनियन (डिफमधलं मोठं आणि लहान दातेरी चाक) ४३ ला ८ दात, म्हणजे ५.३८, म्हणून प्रोपेलर सेकंदाला ३४ फेऱ्या मारतो. आता संशयितांची रांग लावा. चाकात काही असेल तर ६ हर्ट्झच्या आसपास, प्रोपेलर बॅलन्समध्ये नसेल तर ३४, क्रॉसची गडबड असेल तर त्याच्या दुप्पट ६८, पिनियनचे दात असतील तर ३४ गुणिले ८. ट्रान्सफरच्या गिअरला पंचवीसच्या वर दात आहेत, म्हणजे त्याचा सूर साडेआठशेच्या पुढेच लागायला हवा. आलेखात ठळक रेघ आली २७१ ला. ४० च्या वेगाला ती सरकून २१७ वर आली. दुसऱ्या गिअरमध्ये तोच वेग ठेवला तर इंजिन ओरडत होतं पण रेघ जागेवरून हलली नाही. गिअरबॉक्स सुटला, ट्रान्सफरही सुटला.

एक इशारा. टायरच्या एका बाजूचे ठोकळे मोजून घ्या. ते ४३ च्या जवळपास भरले तर टायरचा आवाज आणि क्राउनचा आवाज एकाच रेघेवर येणार आणि ॲप तुम्हाला बिनदिक्कत फसवणार. माझ्या टायरचे ठोकळे बरेच कमी आहेत. शिवाय टायर न्यूट्रलमध्येही गुणगुणतो, माझा आवाज न्यूट्रलला बंद.

पण डिफ म्हणजे कुठलं? ३बीला पुढेही ४३-८ च. फ्री-व्हीलिंग हब (पुढची चाकं ॲक्सलपासून सोडवणारे) नसतील तर टू-व्हीलमध्येही पुढची चाकं पुढचं पिनियन फिरवत राहतात, आणि ते त्याच २७१ ला गातं. इथे ॲप हात टेकतं. मग जुना उपाय केला. मागचा प्रोपेलर काढला, फोर-व्हील हायमध्ये टाकलं आणि नुसत्या पुढच्या चाकांवर जीप सर्व्हिस रोडला काढली. (हे करणाऱ्यांनी लक्षात ठेवा: हँडब्रेकचा ड्रम ट्रान्सफरच्या मागच्या आउटपुटवर आहे. मागचा प्रोपेलर नसताना फोर-व्हीलचा लिव्हर बाहेर आला तर ना गिअर गाडी धरतो, ना हँडब्रेक. चाकाखाली ओंडका हवाच.) ॲक्सिलरेटर दाबून ५० ला नेली, घोंगावणं गायब. फोन सीटवर रेकॉर्डिंग करत होता. हे रेकॉर्डिंग पुढे कामाला येणार आहे.

आता मागचं डिफ. चाकाचे हब टेपरवर बसलेले, आधीच्या कुणीतरी ॲक्सलच्या तोंडावर घण घालून ते काढायचा प्रयत्न केलेला, आटे चेपलेले. मी जाड स्क्रूचा पुलर उसना आणला, नट उलटा करून तोंडाशी ठेवला, पुलर ताणून रात्रभर तसाच सोडला. सकाळी चहा पिताना 'खाट्' करून बंदुकीसारखा आवाज आला, शेजारचं कुत्रं भुंकायला लागलं, आणि मला अख्खा दिवस दुसरं काही केलं नसतं तरी चाललं असतं.

कव्हर काढण्याआधी पिनियनचा फ्लँज हाताने पुढे-मागे ढकलून डायल गेज लावला. तिथे खेळ शून्य हवा. माझ्याकडे काटा चांगला सात थाऊ (इंचाचे हजारावे भाग) हलला. नट घट्ट होता, म्हणजे झीज आतली. इथे सगळं जुळलं. हायपॉइडमध्ये, म्हणजे अशा क्राउन-पिनियनच्या जोडीत, ड्राइव्हला पिनियन क्राउनपासून लांब ढकललं जातं, इंजिन ब्रेकिंगला आत ओढलं जातं. बेअरिंग ढिलं असेल तर पिनियनची खोली (ते क्राउनकडे किती आत बसतं ते) भाराप्रमाणे बदलत राहते. ॲक्सिलरेटर दाबला की दात चुकीच्या जागी भिडतात आणि 'हूं', सोडला की जागेवर. बाहेर काढल्यावर टेल बेअरिंगच्या रोलरचे पापुद्रे निघालेले दिसले. क्राउनचे दात मात्र शाबूत. त्यावर मी शेंदूर तेलात कालवून लावला (शेंदूर म्हणजे शिसं, हातमोजे घाला) आणि भार देऊन फिरवलं. ठसा दातांच्या बाहेरच्या टोकाकडे सरकलेला.

बेअरिंग आणताना जुन्या रिंगवरचा नंबर घेऊन गेलो. पहिल्या दुकानात खोक्यावर एक नाव आणि रिंगवर कोरलेलं दुसरंच. दुसरीकडे टिमकेन मिळालं, पैसे जास्त गेले, गेले तर गेले. पिनियनच्या बेअरिंगमध्ये पैसे वाचवणाऱ्याने जीप ठेवू नये असं माझं मत आहे.

सगळ्यात जास्त वेळ शिमनी (पातळ पत्र्याच्या चकत्यांनी) खाल्ला. माझं मागचं ॲक्सल डाना ४४, त्याला दबणारी क्रश स्लीव्ह नाही, प्रीलोड (बेअरिंगवरचा आधीचा ताण) शिमवर. पाकिटातल्या शिमवर लिहिलेली जाडी आणि मायक्रोमीटरची जाडी यांची ओळखदेखील नव्हती. शेवटी उद्यमनगरातल्या एका लेथवाल्याकडून शिम शीटमधून हव्या त्या कापून घेतल्या. नव्या बेअरिंगला २० ते ४० इंच-पाउंड लागतात, दोरी गुंडाळून स्प्रिंगच्या काट्याने मी मधोमध आणलं. खोलीच्या बाबतीत मात्र मी पुस्तक बाजूला ठेवलं. ही जोडी इतकी वर्षं एकमेकांत घासून बसलीय. नव्या क्राउन-पिनियनसाठीचा सुबक ठसा तिच्यावर लादायला गेलात तर ज्या दातांना कधी भार माहीत नाही त्यांना कामाला लावाल. जुन्या कपाखालच्या शिमची जाडी मोजली, नेमकी तेवढीच परत घातली. बॅकलॅश (दातांमधला खेळ) सात थाऊ, पाच ते नऊच्या बरोबर मध्ये. डिफमध्ये ईपी ९० तेल भरलं. (गिअरबॉक्समध्ये मी जीएल-५ दर्जाचं तेल घालत नाही, पितळी सिंक्रो रिंगांचं वाटोळं होतं. यावर पुन्हा वाद नको.)

रस्त्यावर काढली. ४०, ५०, ५५, ॲक्सिलरेटर दाबलेला, आणि घोंगावणं नाही! कितीतरी महिन्यांनी मला माझ्याच जीपच्या टॅपेटचा आवाज ऐकू आला. मग पन्हाळ्याच्या रस्त्याला लागलो, चढ मजेत चढली. उतारावर ॲक्सिलरेटर सोडला आणि ४५ ला बारीक 'ऊंऽऽ'. आधी ॲक्सिलरेटर सोडला की शांतता असायची, आता सोडला की सूर.

इथपर्यंत लिहीपर्यंत माझा बेत ठरलेला होता: मागचं डिफ परत खाली, कपाखाली एक पातळ शिम कमी. पण वर पुढच्या पिनियनबद्दलचं वाक्य लिहिताना हात थांबला. हा सूर कशावरून मागचाच? पुढचं डिफ सदैव फरफटत असतं. आधी ड्राइव्हला मागचा गोंगाट आणि इतर वेळी इंजिनाचा, त्यात ते कधी ऐकूच आलं नसेल. म्हणून आत्ता, हे अर्धवट ठेवून, मागच्या प्रोपेलरविना केलेलं ते रेकॉर्डिंग पुन्हा लावलं. तेव्हा मी फक्त ॲक्सिलरेटर दाबलेला भाग ऐकला होता. शेवटी, गाडी थांबवायला पाय उचलल्यावर, पुसट पण स्पष्ट रेघ दिसते, आणि वेग उतरतो तशी खाली सरकते. त्या वेळी मागच्या डिफवर भारच नव्हता.

तेव्हा बेत बदलला. मागच्याला हात लावायचा नाही. पुढच्या दोन्ही हबवरचे ड्राइव्ह फ्लँज काढायचे, सहा-सहा बोल्ट, तोंडाला पत्रा लावून ग्रीस झाकायचं आणि तोच उतार. पुढचं डिफ फिरलंच नाही आणि सूर गेला, तर पुढचं पिनियन उघडायचं. नाही गेला तर मग आहेच मागची शिम.

दरम्यान आलेखात ६८ ची एक ठेंगणी रेघ आता उठून दिसतेय. आधी ती गोंगाटात बुडालेली असावी. आधीच्या मालकाने मागच्या स्प्रिंगच्या पाट्यांमध्ये एक जादा पाटा घातलाय, त्याने ॲक्सल खाली गेलं आणि प्रोपेलरची दोन टोकं वेगवेगळ्या कोनात आहेत असा माझा अंदाज. पाचर घालायची की तो पाटाच काढायचा? कमानीखाली कोन मोजायला पाणसळ ठेवून बघतो. ३बीला मूळ पाट्यांवर ट्रान्सफरच्या फ्लँजचा आणि पिनियनचा कोन किती येतो हे कुणी मोजलं असेल तर कळवा. आणि सव्वा इंची इंटरमिजिएट शाफ्ट खात्रीने सव्वा इंचाचाच देणारा कुणी माहीत असेल तर तेही. आत्ता गरज नाही, पण घेऊन ठेवेन.