काळ्या हाताची चार बोटे

टोल्किन यांच्या ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ या महाकादंबरीच्या दुसऱ्या खंडात, मॉर्डोर या अंधाऱ्या राज्याच्या काळ्या दरवाजाजवळ लपून बसलेला गॉलम हा केविलवाणा जीव तिथल्या दुष्ट अधिपतीविषयी, सॉरॉनविषयी, बोलता बोलता सांगून जातो, की त्या काळ्या हाताला चारच बोटे आहेत, पण तेवढी पुरेशी आहेत. पहिल्या वाचनात हे वाक्य माझ्या नजरेतून निसटले होते. पुढे कधीतरी ते पुन्हा वाचताना त्यात केवढी अडचण दडलेली आहे हे जाणवले. सॉरॉन हा मूळचा माइया, म्हणजे जग घडण्यापूर्वीपासून असलेला अमर आत्मा, आणि त्याचे शरीर त्याने स्वतःच घडवलेले. या कथाविश्वातल्या दुसऱ्या युगाच्या ३४४१ व्या वर्षी इसिल्दूर या मानव राजपुत्राने सॉरॉनच्या जादूच्या अंगठीसह त्याचे बोट कापून नेले आणि ते शरीर तिथेच संपले. मग पुढच्या युगात नवे शरीर उभारताना याला एक बोट का उगवता आले नाही?

लेखकाच्या मृत्यूनंतर १९७७ साली प्रसिद्ध झालेल्या ‘द सिल्मरिलियन’मध्ये, म्हणजे याच विश्वाच्या प्राचीन कथांच्या पुस्तकात, या आत्म्यांच्या देहाला वस्त्राची उपमा दिली आहे: माणसाने कपडे उतरवले तरी त्याचे काही उणे होत नाही, तसेच त्यांचे. मराठी वाचकाला इथे गीतेतला ‘वासांसि जीर्णानि’ हा श्लोक आठवणारच, परंतु हे साम्य फार दूर नेता येत नाही. गीतेतले वस्त्र जीर्ण होते म्हणून टाकले जाते. इथले वस्त्र वापरावे तसे अंगाला चिकटत जाते. १९९८ साली छापल्या गेलेल्या टोल्किन यांच्या ‘ओसान्वे-केंता’ या टिपणात तर कोणत्या गोष्टींनी आत्मा देहात अडकतो याचा जवळजवळ हिशेबच मांडला आहे. नादाचा किंवा रूपाचा आनंद बांधत नाही, खाणेपिणे बांधते, आणि सर्वांत घट्ट बांधते ते अपत्याला जन्म देणे.

मेलियन या माइया स्त्रीची कथा या हिशेबात नेमकी बसते. एल्फ या अमर लोकांचा राजा थिंगल याच्यावरच्या प्रेमापोटी तिने एल्फांचे रूप घेतले, लूथियन या मुलीला जन्म दिला आणि ती देहाच्या साखळीत अडकली. पण त्याच रूपात तिला जगाच्या द्रव्यावर सत्ताही मिळाली. अडकल्याशिवाय काही हाती लागत नाही, अशी या विश्वाची रीतच दिसते, आणि मला वाटते की टोल्किन यांच्या कल्पनेतली सर्वांत मोलाची गोष्ट हीच आहे.

सॉरॉनचा धनी असलेल्या मेल्कोर या मूळ दुष्ट आत्म्याचे उदाहरण याच्या दुसऱ्या टोकाचे. त्याने आपले सामर्थ्य जगाच्या द्रव्यात इतके ओतले, की शेवटी एकाच रूपात तो कायमचा कोंडला गेला. त्याने चोरलेल्या सिल्मरिल या पवित्र रत्नांनी भाजलेले हात कधी बरे झाले नाहीत. एल्फांचा राजा फिंगोल्फिन याने त्याला सात जखमा केल्या, शेवटच्या घावाने पाय तोडला, आणि तेव्हापासून हा देवासारखा बलाढ्य आत्मा लंगडत चालू लागला.

सॉरॉनच्या बोटाचा उलगडा मला इथे होतो. दुसऱ्या युगाच्या ३३१९ व्या वर्षी नुमेनॉर हे मानवांचे बेट-राज्य बुडाले तेव्हा त्याचा देहही बुडाला, आणि त्यानंतर देखणे रूप घेणे त्याला कायमचे अशक्य झाले. टोल्किन एका पत्रात सांगतात, की प्रत्येक वेळी देह उभारताना आत्म्याची मूळ शक्ती खर्ची पडते, म्हणून पुढच्या वेळी अधिक काळ लागतो. शिवाय त्याच्या सामर्थ्याचा मोठा वाटा त्या अंगठीत गेला होता, आणि अंगठी गेली ती बोटासकट. म्हणजे चार बोटांचा हात हा शरीराचा दोष नसावाच; आत्म्यातच जेवढे उरले होते तेवढेच नव्या देहात उतरले असावे. (हे स्पष्टीकरण माझे आहे, टोल्किन यांनी ते कुठे असे मांडलेले नाही.)

जादूगार गँडाल्फ आणि सारुमान हेही देहात आलेले माइयाच. गँडाल्फ मरून परततो, पण त्याने स्वतःला घडवलेले नसते. त्याला परत पाठवलेले असते. सारुमानला ते भाग्य नाही. त्याच्या प्रेतातून धुरासारखे करडे धुके उठते, क्षणभर पश्चिमेकडे वळून थबकते, तिकडून थंड वारा येतो आणि ते एका उसाशासह विरून जाते. खाली उरलेला देह पाहता पाहता सुकत जातो, चेहऱ्यावर कवटीला चिकटलेल्या कातड्याच्या चिंध्या तेवढ्या राहतात. कादंबरीचा नायक फ्रोडो शेजारी पडलेल्या मळक्या झग्याचे टोक उचलतो, त्यावर ओढतो आणि पाठ फिरवतो.