थोडी उधारी असू द्या

चाळिशी ओलांडलेल्या बाईशी एखादी अनोळखी बाई फार गोड बोलायला लागली की पहिली शंका ठरलेली: ही आता काय विकणार? विमा, वजन कमी करायची पावडर, नाहीतर ‘तुम्हीसुद्धा घरबसल्या कमवू शकता’ छापाचं काहीतरी. गोड बोलणाऱ्या बाईलाही हे ठाऊक असतं, म्हणून तीही जपूनच बोलते. मग दोघी पावसावर, पाण्याच्या टँकरवर आणि मुलांच्या दहावीवर बोलून लिफ्टमधून आपापल्या मजल्यावर उतरतात. ‘या ना एकदा घरी.’ ‘हो हो, नक्की.’ झाली वर्षभराची मैत्री.

शाळेत हे सोपं होतं, कारण तिथं मैत्रिणी आपण निवडल्याच नव्हत्या. बाईंनी उंचीप्रमाणे उभं केलं, त्याच क्रमानं बाकांवर बसवलं, आणि शेजारी जी आली ती जन्माची मैत्रीण झाली. माझी सगळ्यात जवळची मैत्रीण मला केवळ बुटकेपणामुळे मिळाली आहे. मी दोन इंच उंच असते तर माझं सगळं आयुष्य मागच्या बाकावरच्या कुणा दुसरीबरोबर गेलं असतं. मोठेपणी असं कुणी रांगेत उभं करत नाही. आपली आपण मैत्रीण शोधायची म्हटली की अवघडल्यासारखं होतं. लग्न जुळवायला निदान मध्यस्थ तरी असतो.

फेसबुक, इन्स्टा यांवर मी नाही. त्यामागे तत्त्वबित्त्व काही नाही. होते काही वर्षं. तिथं चिक्कार मित्र होते, पण बहुतेकांच्या घरचं पाणीसुद्धा मी कधी प्यायले नव्हते. कंटाळा आला, बंद केलं. माझी भाची अधूनमधून काळजीनं विचारते, ‘मावशी, मग तुला नवीन माणसं भेटतात तरी कुठं?’

‘लेडीज डब्यात,’ मी सांगते. तिला ती थट्टा वाटते.

वरवर पाहिलं तर लोकल हे मैत्रीसाठी अगदी वाईट ठिकाण आहे. घाम, धक्के, ओढणी अडकणं, दारात उभ्या राहणाऱ्या आणि आत सरकू न देणाऱ्या बायका. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी निघाली, तेव्हा ती बायकांच्या मैत्रीसाठी धावणार आहे असं कुणाच्या डोक्यात असण्याचा प्रश्नच नव्हता. पण शाळेतल्या बाई जे करायच्या ते ही गाडी बिनबोभाट करते. रोज तीच वेळ, तोच डबा, तेच दार. गाड्यांना नावंसुद्धा मिनिटांची. आठ बावीसची आणि आठ एकोणतीसची या दोन वेगळ्या जाती आहेत. आठ बावीसची बाई चुकून आठ एकोणतीसला आली तर परगावच्या लग्नाला आल्यासारखी कोपऱ्यात उभी राहते.

डोंबिवलीत नव्यानं राहायला आले तेव्हा मीही अशीच उभी असायची. मिरजेसारख्या गावातून आलेल्या माणसाला गाडीत चढणं हीच मोठी कामगिरी वाटते. मैत्री वगैरे नंतर. डब्यात ठरलेले ग्रुप असतात. कुणाची मेथी निवडून होते, कुणाचे मटार सोलून होतात, एक जण ओव्या म्हणावी तशी सासूची गाऱ्हाणी म्हणत असते. नावं कुणाची कुणाला माहीत नसतात. ‘ती मुलुंडवाली’, ‘भांडुपची मावशी’, ‘ती ब्लाउजवाली’ (ब्लाउज शिवून देणारी), एवढीच ओळखपत्रं. माझ्या बाजूनं काहीही हालचाल झाली नाही. मी फक्त रोज त्याच दाराशी येत राहिले. मग एके दिवशी खिडकीतल्या काकूंनी न विचारता माझी पर्स ओढून मांडीवर घेतली. पुढे कधीतरी ‘कुठं उतरणार?’ मग ‘घाटकोपरला मी उठते, तू बस.’ अहो-जाहो गेलं कधी ते कळलंही नाही. माझं नाव त्यांना कळलं त्याच्याही पुष्कळ नंतर, दसऱ्याच्या आदल्या दिवशी. त्या दिवशी डब्याची पूजा असते. दसऱ्याला सुट्टी म्हणून आदल्या दिवशीच झेंडूच्या माळा, रांगोळी, मोटरमनला पेढा. वर्गणीच्या यादीत नाव लिहायचं होतं, म्हणून विचारलं.

हळदीकुंकू चालत्या गाडीत होतं. डोहाळजेवण होतं, त्यात कळवा येईपर्यंत ओटी भरून झाली पाहिजे असा हिशेब असतो, कारण ठाण्याला गर्दी शिरते. निवृत्तीचे निरोप होतात. पश्चिम रेल्वेवर ५ मे १९९२ रोजी चर्चगेट-बोरिवली लेडीज स्पेशल सुरू झाली. नोकरीच्या सुरुवातीला त्या गाडीत चढलेल्या बायका आता निवृत्त होताहेत, आणि ऑफिसातल्या निरोपापेक्षा डब्यातल्या निरोपाला जास्त रडताहेत. ऑफिसात शाल आणि श्रीफळ मिळतं. डब्यात खिडकीची जागा मिळते.

ग्रुपची दुसरी बाजूही आहे, ती लपवण्यात अर्थ नाही. मधल्या स्टेशनला चढणाऱ्या मैत्रिणीसाठी जागा अडवून ठेवणं, चौथ्या सीटवर टेकलेल्या परक्या बाईला खांद्यानं सरकवत नेणं, नव्या मुलीला टोमणे मारणं, हे सगळं आमच्या डब्यातही चालतं. घट्ट मैत्रीला बाहेरून हात लावला तर ती दादागिरीसारखीच लागते. आत असलेल्याला ते दिसत नाही, किंवा दिसूनही तो मटार सोलत राहतो.

अमेरिकेत कॅन्सस विद्यापीठातल्या जेफ्री हॉल या प्राध्यापकांनी मैत्रीला किती तास लागतात याचा अभ्यास केला. तो २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. नुसती ओळख असलेल्या माणसाशी जुजबी मैत्री व्हायला साधारण ५० तास लागतात, मित्र म्हणण्याजोगं व्हायला ९० च्या आसपास, आणि अगदी जवळचा व्हायला २०० च्या वर. हे वाचल्यावर मी लगेच आमच्या गाडीचा हिशेब घातला. डोंबिवलीहून सीएसएमटीपर्यंत जायला तास-सव्वा तास, महिन्याचे बावीस-तेवीस कामाचे दिवस; म्हणजे फक्त जाताना महिन्याला पंचवीसेक तास. जुजबी मैत्री दोन महिन्यांत, आणि आठ-नऊ महिन्यांत थेट जिवाभावाची! लिफ्टच्या हिशेबानं हेच करायचं तर जन्म पुरणार नाही. तळमजला ते सातवा मजला अर्धं मिनिट, त्यातलं निम्मं मोबाइलकडे बघण्यात.

त्याच अभ्यासातली दुसरी गोष्ट मला जास्त आवडली: एकत्र काम करण्यात गेलेले तास मैत्रीच्या खात्यात फारसे जमा होत नाहीत. ऑफिसात ज्या बाईच्या शेजारी मी रोज आठ तास बसते तिच्या मुलाचं नाव मला आठवावं लागतं, आणि भांडुपच्या मावशीच्या जावयाची बदली कुठं झाली, कुणाच्या वशिल्यानं झाली, हे सगळं पाठ आहे, ते कसं काय याचा उलगडा झाला. ऑफिसात आपण कामाला बसतो. गाडीत आपण नुसते बसतो.

जुन्या गिरगावातल्या चाळीत राहिलेल्या माणसांना हे कुणी शिकवायला नको. सामाईक गॅलरी, सामाईक नळ, एकच जिना. १९५० साली अमेरिकेतल्या एमआयटीच्या वसाहतीतल्या बिऱ्हाडांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात निघालं की कुणाची कुणाशी मैत्री होणार, हे बरंचसं दारं किती जवळ आहेत आणि जिना कुठं आहे यावर ठरतं. जिन्यापाशी राहणाऱ्यांची वरच्या मजल्यावरच्या लोकांशीही मैत्री व्हायची. चाळीत हे पाणी भरताना समजायचं. आता आमच्या सोसायटीला पोडियम आहे, क्लबहाउस आहे, तिथं योगाचे वर्ग आहेत. वर्ग संपला की सगळे चटया गुंडाळून पळतात. वर्गाच्या आधीची आणि नंतरची दहा मिनिटं हीच खरी वेळ, आणि तीच नेमकी कुणाकडे नसते.

पुरुषांचं थोडं वेगळं असतं. माझ्या नवऱ्याला समोर बघायला काहीतरी लागतं: कॅरमचा बोर्ड, क्रिकेट, निदान टपरीवरचा उकळणारा चहा. ‘कसा आहेस?’ असं तोंडावर विचारणाऱ्या माणसाला तो घाबरतो. ज्याच्याबरोबर तो दर रविवारी कॅरम खेळतो त्या माणसाचं हृदयाचं ऑपरेशन झालेलं आहे हे त्याला बऱ्याच उशिरा कळलं, आणि तेही ‘क्वीन कव्हर कर’ आणि ‘आता जिन्यानं चढत नाही मी’ या दोन वाक्यांच्या मध्ये. पण त्या माणसाच्या घरी रात्री-अपरात्री धावून जाणारा तोच असतो.

पुण्यात टेकडीवर रोज सकाळी भेटणाऱ्यांचं, सिंहगड नेमानं चढणाऱ्यांचं, वाचनालयात पेपरची पुरवणी कधी मोकळी होते याची वाट बघत बसणाऱ्यांचं असंच. १९९५ साली मुंबईतल्या एका बागेत पाच माणसांनी जमून हास्यक्लब सुरू केला. त्या जोरजोरात हसण्याला मी पुष्कळ हसले आहे, पण हसून झाल्यावर ते सगळे उडप्याकडे इडली खायला जातात, ते बघून माझं हसू थांबलं. वारीत तर नावाचीही भानगड नाही. आळंदीहून पंढरपूरला जवळजवळ तीन आठवडे एकाच दिंडीत चालायचं, प्रत्येक जण माउली, आणि पायाला फोड आला की तेल लावून देणारी कोण कुठली माउली पुढच्या वर्षी त्याच दिंडीत, त्याच ओळीत हजर.

२०२० च्या मार्चमध्ये गाड्या थांबल्या. त्या २१ ऑक्टोबरला सरसकट सगळ्या बायकांसाठी उघडल्या, पण सकाळी ११ ते ३ आणि संध्याकाळी ७ नंतर. आठ बावीसचं काय करायचं? आणि सगळं सुरळीत झालं तेव्हा कुणाचं ऑफिस मंगळवार-गुरुवार, कुणाचं सोमवार-बुधवार, कुणाचं कायमचं घरून. मुलुंडवाली आता भेटली तर भेटते. फोनवर ग्रुप आहे, त्यात सकाळी गुलाबाची फुलं येतात. पूर्वी रोज सकाळी गुलाब पाठवणारी बाई आम्ही गाडीत उभी केली नसती. घरून काम करण्याचे फायदे मला मान्य आहेत, कंबर तर फारच खूश आहे. पण प्रवासाचा वेळ वाचला असं म्हणताना त्या वेळात काय काय होत होतं याची बेरीज कुणी केलेली नाही.

नुसती वेळ पुरते असंही नाही म्हणा. माझी आई शेजारच्यांची वाटी कधी रिकामी परत करू द्यायची नाही. साखर उसनी आणली तर साखर परत द्यायचीच, पण त्यांनी पुरणपोळी पाठवली असेल तर त्या ताटलीतून आपल्याकडचं काहीतरी गेलं पाहिजे, निदान चार बोरं. म्हणजे हिशेब कधी मिटायचाच नाही. कायम कुणी ना कुणी एका ताटलीनं मागे असायचं, आणि त्यासाठी पुन्हा दार वाजवावं लागायचं. आता चहा प्यायलो की कप खाली ठेवायच्या आत फोनवर ‘तुझे पंचवीस पाठवले’ असा टिंग वाजतो. यूपीआय २०१६ मध्ये आलं आणि त्यानं रिक्षावाल्याच्या सुट्ट्या पैशांची कटकट संपवली, त्याबद्दल मी त्याची ऋणी आहे. पण दोन बायकांच्या मधले पंचवीस रुपये तिथल्या तिथे फिटले, तर पुढच्या चहाला निमित्त काय उरलं? ‘पुढच्या वेळी तू दे’ या वाक्यात पुढची वेळ गृहीत धरलेली असते. मी सरळ सांगते, मला ते पंचवीस नकोत. वसूल करायला मी येईन.

तेव्हा घरी असते त्या दिवसांसाठी मी एक उद्योग सुरू केला आहे. चौथ्या मजल्यावर नागपूरहून आलेल्या एक बाई राहतात, माझ्याच वयाच्या. मी कोथिंबीर मागायला गेले. कोथिंबीर माझ्याकडे होती. त्यांनी दिली, आणि माझ्याकडे संशयानं पाहिलं. मला वाटतं त्या पावडर कधी काढते याची वाट बघत होत्या. मी गप्पा न मारता परत आले. दोन दिवसांनी त्यांना कोथिंबिरीच्या वड्या नेऊन दिल्या. त्या वेळी ‘बसा ना’ झालं. मग त्यांच्याकडून सांबारवडी आली. आमच्याकडे जी कोथिंबीर तोच त्यांचा सांबार, एवढ्यावर आम्ही दारात उभ्या राहून अर्धा तास बोललो. आता त्यांचा स्टीलचा डबा माझ्या ओट्यावर पडून आहे. झाकणावर त्यांच्या सासूबाईंचं नाव कोरलेलं, लग्नाच्या तारखेसकट, त्यामुळे हरवायचीही सोय नाही.

‘धुऊन देऊन टाक ना तसाच,’ नवरा म्हणाला.

‘तसाच कसा देऊ?’

‘मग दुकानातून बाकरवडी आणून भर.’

तेही चालणार नाही; पहिल्या घासात ओळखतील. डिंकाचे लाडू करावेत म्हणते, पण ते मला नेमके सासूबाईंना विचारावे लागतील, आणि त्या डिंक पाठवतील तो त्यांच्याच बरणीतून. ती बरणी परत करायची राहिली तर दिवाळीला जावं लागेल.