जीनची टेस्ट केली की कळतं ना?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितो. रत्नागिरीत छातीच्या आजारांची ओपीडी चालवतो. मुंबईला फुप्फुसाच्या कॅन्सरचं ऑपरेशन करून परतलेल्या बहुतेक घरांचा मला एकच प्रश्न असतो: "डॉक्टर, ती जीनची टेस्ट केली की कळतं ना, परत होणार की नाय?"

प्रश्न रास्त आहे. गाठ पूर्ण निघाली तरी काहींना आजार उलटतो, कारण स्कॅनमध्ये न दिसणाऱ्या पेशी आधीच दुसरीकडे जाऊन बसलेल्या असतात. पण होणार की नाही, असं छातीठोक उत्तर कुठलीच टेस्ट देत नाही.

देवगडच्या एका काकूंचा मुलगा मोबाइलवर रक्ततपासणीची जाहिरात घेऊन आला होता. आजार दुसऱ्या टप्प्यातला. काकूंनी जन्मात विडी ओढलेली नाही. त्या तपासणीसाठी आंब्याच्या कलमांवर कर्ज काढायची मुलाची तयारी होती. काकू एवढंच म्हणाल्या, "माका आता काय करूचा ता सांगा." मला त्यांचाच प्रश्न जास्त महत्त्वाचा वाटला.

ती तपासणी रक्तात गाठीचा डीएनए शोधते. हे तुकडे काही तासांतच नाहीसे होतात, म्हणून ऑपरेशननंतर काही आठवड्यांनीही ते सापडले तर आजार कुठेतरी शिल्लक आहे असं समजायचं. स्कॅनच्या आधी रक्तात खूण दिसू शकते, हे ब्रिटनच्या ट्रेसरएक्स अभ्यासाने 2017 मध्ये दाखवलं. मात्र अवशेष इवलासा असला, विशेषतः अ‍ॅडिनोकार्सिनोमा या फुप्फुसाच्या कॅन्सरच्या प्रकारात, तर रक्तात काहीच येत नाही. 'सापडलं नाही' म्हणून सीटी स्कॅन चुकवणं धोक्याचं. आणि सापडलं, पण स्कॅन स्वच्छ, तर तेवढ्यावरून औषध सुरू करावं का, याचे रुग्णांवरचे अभ्यास अजून चालू आहेत.

काकूंच्या फाइलमध्ये ईजीएफआर या जनुकाचा रिपोर्टच नव्हता! ही तपासणी काढलेल्या गाठीवर होते. नखाएवढा तुकडा मेणात बसवलेला असतो, त्याला ब्लॉक म्हणतात. त्याचे पातळ पापुद्रे कापून जनुकातला बदल शोधतात. हा बदल गाठीतला, घराण्यातला नव्हे; लेकीसुनांनी घाबरू नये. तो निघाला तर तीन वर्षं रोज ऑसिमर्टिनिब या औषधाची गोळी देता येते. अडौरा नावाच्या, रुग्णांवर केलेल्या अभ्यासात ती घेणाऱ्यांपैकी पाच वर्षांनी 88 टक्के हयात होते, न घेणाऱ्यांपैकी 78. एएलके या दुसऱ्या जनुकातला बदल निघाला तर त्यावरही गोळी आहे.

मुलाने मुंबईहून ब्लॉक मागवला. (मे महिन्यात तो गाडीत उन्हात ठेवू नका, मेण वितळतं.) बदल निघाला, गोळी चालू आहे, आणि दर सहा महिन्यांनी सीटी होतोच.

तुमच्या फाइलमध्ये ईजीएफआर आणि एएलके हे दोन्ही रिपोर्ट नसतील, तर ब्लॉक कुठे आहे ते उद्याच फोन करून विचारा.