उतारावरच्या गाड्या आणि दिव्यांचं झाड

आमच्या मंडळाच्या गाड्यांच्या मेळाव्यात अकरा वर्षं खटका ओढायचं काम माझ्याकडे होतं. उताराच्या माथ्यावर चार लेन, प्रत्येक लेनमध्ये एक खुंटी, आणि खुंटीला नाक टेकवून उभी असलेली लाकडी गाडी. मी खटका ओढला की चारही खुंट्या एकदम खाली जायच्या आणि गाड्या सुटायच्या. तीन सेकंदांच्या आत सगळं आटपायचं. माझी पाठ उताराकडे आणि तोंड मुलांकडे असायचं, त्यामुळे कोणती गाडी पहिली आली हे मला नेहमी मुलांच्या चेहऱ्यांवरूनच कळायचं.

स्वागत, प्रास्ताविक, वर्षाचा अहवाल, अध्यक्षांचे चार शब्द हे सगळं दरवर्षी होतं आणि व्यवस्थित होतं. वजनकाट्यापुढची रांग त्याहून महत्त्वाची. गाडी १४२ ग्रॅमच्या वर जाता कामा नये आणि लांबी सात इंचांच्या आत हवी. हे नियम आमचे नाहीत. १९५३ साली कॅलिफोर्नियातल्या मॅनहॅटन बीच इथे डॉन मर्फी यांनी आपल्या कब स्काउटच्या, म्हणजे स्काउटमधल्या लहान गटाच्या, मुलांसाठी पहिली ‘पाइनवुड डर्बी’ भरवली. त्यांचा मुलगा दहा वर्षांचा होता. आत बसून चालवायच्या उतारावरच्या मोठ्या गाड्यांच्या शर्यतीत त्याला वयामुळे भाग घेता येत नव्हता. तेव्हा वडिलांनी लहान गाडीची शर्यत शोधून काढली : पाइनच्या लाकडाचा एक ठोकळा, चार चाकं आणि आसांच्या जागी चार खिळे. वजनाची मर्यादा पाच औंस, म्हणजेच आपले १४२ ग्रॅम. गाडीला इंजिन नाही, ओढते ती फक्त पृथ्वी. आम्ही ही कल्पना जशीच्या तशी घेतली आणि तिच्यात एकच भर घातली, गाडीची ओळख.

शर्यतीआधी प्रत्येक मूल गाडी तळहातावर घेऊन सगळ्यांसमोर उभं राहतं आणि तीन गोष्टी सांगतं : गाडीचं नाव, कोणी मदत केली, आणि बनवताना काय बिघडलं. तिसरी गोष्ट सांगायलाच हवी, असा नियम आमच्या पहिल्या अध्यक्षांनी घातला. त्या नियमासाठी मी त्यांची कायमची ऋणी आहे. मुलं गाडीचं नाव मोठ्याने सांगतात, मदतीचं भराभर उरकतात, आणि तिसऱ्या गोष्टीशी येऊन थांबतात. एका वर्षी सात वर्षांचा एक मुलगा म्हणाला, “चाक वाकडं बसलं. मी सरळ केलं. परत वाकडं झालं. मग मी त्याला राहू दिलं.” एवढं बोलून तो खाली बसला. मी इतकी वर्षं ही भाषणं ऐकते आहे, तरी त्या जागी माझा घसा दाटून येतोच. मोठ्यांची भाषणं चांगली असतात, पण आपलं काय चुकलं हे चारचौघांत इतक्या साधेपणाने सांगणारा मोठा माणूस मला फारसा भेटलेला नाही.

या ओळखीनंतर मात्र मुलांना करायला काहीच उरत नसे. गाडी लेनमध्ये ठेवायची, मागे व्हायचं आणि माझ्या हाताकडे बघत राहायचं. गाडी घरी तयार झालेली, आस घासून गुळगुळीत केलेले, ग्रॅफाइटची पावडर घातलेली, वजन मागच्या चाकांच्या जरासं पुढे बसवलेलं. यातलं किती मुलाच्या हातचं आणि किती घरातल्या मोठ्यांचं, हे सगळ्यांना ठाऊक असायचं आणि कोणी बोलायचं नाही. शर्यत घरीच ठरून आलेली असायची. दरवर्षी एक मुलगी माझ्या शेजारी येऊन विचारायची, “एकदा मी ओढू?” आणि मी दरवर्षी तिला नाही म्हणायची. सगळ्या खुंट्या एकाच हाताने पडायला हव्यात, हे माझं उत्तर बरोबरच होतं. पण ते देताना मला कधी बरं वाटलं नाही.

तिचा प्रश्न मोटारींचं वेड असलेल्या आमच्या एका काकांनी मनावर घेतला. ड्रॅग रेसमध्ये दोनच गाड्या शेजारी उभ्या असतात, रस्ता सरळ असतो आणि मधोमध दिव्यांचा खांब असतो. त्याला तिकडे ‘ख्रिसमस ट्री’ म्हणतात. अमेरिकेत १९६३पर्यंत झेंडा हलवणारा माणूस गाड्या सोडायचा. त्याच्या हाताकडे बघून अंदाज बांधणारे ड्रायव्हर असत आणि भांडणंही होत. म्हणून हे दिवे आले. वरचे छोटे दिवे गाडी जागेवर आल्याचे, मग अर्ध्या अर्ध्या सेकंदाने तीन पिवळे, शेवटी हिरवा. हिरव्याच्या आधी निघालात तर लाल, आणि शर्यत गेली. काकांनी सभेत हे सगळं खडूने फळ्यावर काढलं आणि म्हणाले, “ताई, तुमच्या हाताच्या जागी झाड लावू या आणि खुंटी मुलांच्या हातात देऊ या.”

मला आनंद झाला, आणि वाईटही वाटलं. दोन्ही खरं आहे.

खरी गंमत काकांनी नंतर समजावली. ड्रॅग रेसमध्ये गाडीचा वेळ हिरवा लागल्यापासून मोजत नाहीत, गाडी जागेवरून हलल्यापासून मोजतात. हिरवा लागल्यापासून गाडी हलेपर्यंतचा वेळ वेगळा, तो ड्रायव्हरचा रिअ‍ॅक्शन टाइम. दोन्हींची बेरीज ज्याची कमी, तो जिंकतो. त्यामुळे हळू गाडीवाला नुसत्या सुटण्याच्या जोरावर वेगवान गाडीला हरवू शकतो. त्याला ‘होलशॉट’ म्हणतात. हा शब्द त्या सभेत आमच्या मुलांनी ऐकला आणि पुढचे कितीतरी दिवस दुसरा शब्द त्यांच्या तोंडात नव्हता.

बांधणीला बरेच महिने गेले. मधल्या दोनच लेन ठेवल्या. प्रत्येक खुंटीला तिचा स्वतंत्र सोलेनॉइड, म्हणजे वीज दिली की लोखंडी दांडी आत ओढणारं वेटोळं. त्याने खुंटीची कडी सुटते. प्रत्येक मुलापुढे तळहाताएवढं बटण. ते दाबून धरायचं आणि हिरव्याला सोडायचं. ही सूचना काकांचीच. ड्रॅग रेसचे बरेच ड्रायव्हर असंच बटण धरून बसतात आणि सोडून निघतात. आम्हाला त्याचा एक वेगळा फायदा झाला. दोघांनी बटण धरल्याशिवाय दिवे सुरूच होत नाहीत, त्यामुळे नाक पुसणाऱ्या मुलाची शर्यत त्याच्या नकळत सुरू होत नाही.

दोन्ही खुंट्या सारख्याच वेळात पडतात का, ही सगळ्यात मोठी काळजी होती. विज्ञानाच्या सरांनी मोबाइलवर सेकंदाला २४० चित्रं घेणारं चित्रण केलं आणि एकेक चित्र पुढे सरकवत मोजलं. डावी खुंटी उजवीपेक्षा दोन चित्रं उशिरा पडत होती, म्हणजे आठ हजारांश सेकंद. आमच्या अंतिम फेऱ्या कधीकधी त्याहून कमी फरकाने सुटलेल्या आहेत. कडी घासली, स्प्रिंग बदलली, पुन्हा मोजलं. तरीही प्रत्येक जोडी लेन अदलून बदलून दोनदा धावते, आणि ते असंच राहावं.

पहिल्या वर्षी दिवे लागले तेव्हा सभागृहात जी शांतता पसरली, ती मी त्याआधी कधी अनुभवली नव्हती. पूर्वी मुलं ओरडत असायची. आता दोन मुलं बटणावर हात ठेवून, श्वास धरून त्या खांबाकडे बघत होती. खटका ओढू का विचारणारी मुलगी तिसऱ्या जोडीत होती. तिची गाडी तिने स्वतःच घासलेली, कडेला ओबडधोबड. समोरच्या मुलाची गाडी आदल्या वर्षीची विजेती. फळ्यावर आकडे आले. त्याच्या गाडीचा वेळ २.८० सेकंद, हिच्या गाडीचा २.९१. पण त्याचा हात ०.४१ने सुटला होता आणि हिचा ०.२४ने. बेरीज ३.२१ आणि ३.१५. शेवटच्या रेषेवर हिची गाडी वीतभर पुढे होती. साधा दिवा बघून हात हलवायला मोठ्या माणसाला पाव सेकंदाच्या आसपास लागतो, त्या वयाच्या मुलांना त्याहून जास्त. ती मुलगी किती एकाग्र झाली असेल, याचा विचार मी अजून करते. मी तिच्या शेजारीच उभी होते. जिंकल्यावर तिने गाडीकडे पाहिलंच नाही, स्वतःच्या हाताकडे पाहिलं.

त्याच दिवशी दुसरं दुःखही पाहावं लागलं. एका लहान मुलाने घाई केली, लाल लागला. आमच्या तेव्हाच्या नियमाप्रमाणे खुंटी तरीही पडली, गाडी धावली आणि स्पष्ट पहिली आली. आपली गाडी पहिली येताना बघून हरणं सात वर्षांच्या मुलाला कसं समजावायचं? तो रडला, आणि मलाही ते बघवलं नाही. पुढच्या वर्षीपासून लहान गटात नियम बदलला. घाई झाली तर खुंटी हिरव्यानंतर अर्धा सेकंद अडून राहते, पण शर्यत जात नाही. अर्ध्या सेकंदाचं नुकसान भरून काढणं जवळजवळ अशक्यच, पण गाडी जे दाखवते तेच निकालातही असतं. मोठ्या गटात लाल म्हणजे लालच. तोच मुलगा पुढच्या वर्षी गाडीची ओळख करून देताना म्हणाला, “मागच्या वर्षी गाडीत काही बिघडलं नव्हतं. माझा हात घाईत होता.” तिसऱ्या गोष्टीत कोणी स्वतःचा हात सांगितल्याची ती पहिली वेळ.

वाद झाले, तेही लिहायला हवेत. मोठी मुलं दोनच मेळाव्यांत पिवळ्या दिव्यांची लय शिकली आणि हिरवा लागण्याची वाट न बघता मोजून हात सोडू लागली. सर म्हणाले, हे मोजणं झालं, प्रतिक्रिया नव्हे. काका म्हणाले, ड्रॅग रेसचं कौशल्य हेच तर आहे. दोघांचंही खरं होतं. शेवटी लहानांना लय ठेवली, कारण लय शिकता येते. मोठ्यांना तिन्ही पिवळे एकदम लागतात आणि हिरवा कधी लागेल ते दर वेळी बदलतं. हिरव्यानंतर ०.१ सेकंदाच्या आत हात सुटला तर तो अंदाज धरून लाल. धावण्याच्या शर्यतीतही हीच मर्यादा आहे.

ज्यांच्या घरी गाडीवर महिने महिने काम होतं, त्यांची तक्रार वेगळी होती. गाड्यांमधला फरक सेकंदाच्या शंभराव्या भागात, हातांमधला दहाव्या भागात. मग गाडी घासायची कशाला? हा प्रश्न मला रास्त वाटतो. म्हणून आता दोन निकाल लावतो. रेषेवर पहिला येणारा एक, आणि नुसत्या गाडीच्या वेळेत सर्वांत कमी असणारी गाडी दुसरी. दोन्हींचा मान सारखा. गेल्या वेळी सर्वांत वेगवान गाडी ज्या मुलीची होती ती रेषेवर पाचवी आली, आणि तिने दोन्ही आकडे गाडीच्या पोटावर पेनाने लिहून ठेवले.

माझी एक तक्रार मात्र तशीच आहे. दोन-दोनच्या जोड्या, लेनची अदलाबदल आणि प्रत्येक मुलाला किमान चार फेऱ्या, यामुळे मेळावा लांबतो. आपल्या मुलाची शेवटची फेरी झाली की पालक उठतात. गेल्या तिन्ही वर्षी अंतिम फेरी अर्ध्याहून अधिक रिकाम्या खुर्च्यांसमोर झाली. ‘पुढच्या वर्षी नक्की थांबू’ असं मला सांगून गेलेली घरं माझ्या लक्षात आहेत. अंतिम फेरीत पोचलेलं मूल खुर्च्यांकडे बघतं, हे मी समोरून पाहते. मुलांना घाई असेल तर समजू शकते, पण मुलं जायला तयारच नसतात, त्यांना हाताला धरून नेलं जातं.

थांबणाऱ्यांची नावं घेतली तर कुणी संकोचेल, म्हणून कामावरून सांगते. उतार बांधणारे आणि दरवर्षी त्याचे सांधे बोटाने चाचपणारे सुतारकाका. मोटारीवाले काका, ज्यांच्यामुळे हे झाड उभं राहिलं. सर. सोलेनॉइड तापू नये म्हणून त्याला क्षणभरच वीज मिळेल अशी जोडणी करणारी दोघं बहीणभाऊ. वजनकाट्यावर बसणाऱ्या वहिनी, ज्या एक ग्रॅमसुद्धा सोडत नाहीत आणि जास्त भरलेल्या गाडीचं शिसं काढायला स्वतः मदत करतात. फळ्यावर आकडे लिहिणाऱ्या ताई. शेवटच्या रेषेवर गाड्या झेलायला उशी घेऊन बसणारे आजोबा. वायरींवर चटई अंथरणारा आणि तिच्यावरून धावणाऱ्यांना अडवणारा मुलगा, जो आता कॉलेजात आहे आणि तरी येतो. ग्रॅफाइटचे हात पुसायला फडकी आणणाऱ्या काकू. ध्वनीची व्यवस्था पाहणारे दादा. सभागृह उघडणारे आणि सगळ्यांच्या शेवटी कुलूप लावणारे मामा. पहिल्या वर्षी ऐन वेळी वीज गेली तेव्हा स्वतःच्या गाडीची बॅटरी काढून आणणारे गृहस्थ पुन्हा कधी भेटले नाहीत, पण त्या दिवशी ते नसते तर दिवे लागले नसते. आणि अहवाल टंकून देणाऱ्या बाई वर राहूनच जात होत्या, त्यांची क्षमा मागते.

माझा खटका सुतारकाकांनी काढला नाही. सोलेनॉइड खुंटी सोडू शकतो, पण पडलेली खुंटी पुन्हा उभी करून कडीत अडकवायला हातच लागतो. काकांनी तोच जुना खटका उलटा बसवून दिला आहे. प्रत्येक फेरी संपली की मुलं गाड्या घ्यायला खाली धावतात, आणि मी खटका ओढून दोन्ही खुंट्या वर घेते.